मॉरिस मायनर १०००: १९५९ ची दोन दारांची की १९६७ ची ट्रॅव्हलर?

मैलकुली

ब्रिटनमध्ये मॉरिस मायनर १००० ही जुनी ब्रिटिश गाडी घ्यायची आहे आणि दोन गाड्यांवर येऊन अडलो आहे.

पहिली १९५९ ची दोन दारांची सलून. ९४८ सीसी, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं), वळताना दाराच्या मागच्या खांबातून बाहेर येणारे दर्शक हात. रंग नवा, खालून ताजं काळं अंडरसील मारलेलं. दुसरी १९६७ ची ट्रॅव्हलर, म्हणजे मागचा भाग लाकडी सांगाड्याचा असलेली इस्टेट. १०९८ सीसी, रंग फिका, लाकडावर काही ठिकाणी काळे डाग, पण ग्रीसिंगच्या नोंदींची वही आहे. दोन्ही गाड्यांना एमओटी (ब्रिटनमधली सक्तीची वार्षिक वाहनतपासणी) माफ असल्याने अलीकडची तपासणी एकीचीही झालेली नाही.

वापर सुट्टीच्या दिवशी आणि आठवड्यातून एकदा ऑफिसला. एका वेळी साधारण २५ मैल, त्यातले आठेक मैल मोटरवे. साधं सर्व्हिसिंग येतं, वेल्डिंग येत नाही. मागच्या सीटवर दोन मुलं असतील, मोठं सहा वर्षांचं आणि धाकटं अडीच.

या गाडीचं खरंच चांगलं काय आणि निमूट सोसावं लागतं काय? बघायला जाताना कशापासून सुरुवात करायची? ब्रेक आजच्या रहदारीत पुरतात का, आणि इथेनॉल मिसळलेल्या ई१० पेट्रोलचं काय?

पत्रावेल्डर

रंग, क्रोम आणि सीटकव्हर बाजूला ठेवा. मायनर खालून बघून घ्यायची गाडी आहे. हिला वेगळी चासी नाही, खालच्या पत्र्यांच्या पोकळ पेट्याच सगळा भार घेतात. इंजिन खराब निघालं तर एका आठवड्यात दुसरं बसतं. पण पेट्या कुजल्या असतील तर गाडीच्या किमतीपेक्षा वेल्डिंगचं बिल मोठं होतं, आणि तुम्हाला वेल्डिंग येत नाही म्हणता, म्हणजे तुमचा निर्णय इथेच व्हायला हवा.

टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, छोटं लोहचुंबक आणि अंगावर जुने कपडे एवढं घेऊन जा. मालकाला आधी विचारा की स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघितलं तर चालेल का. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

पहिली जागा मधला आडवा क्रॉसमेंबर. पुढच्या सीटांच्या खालून गाडीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारी पोकळ पेटी. तिच्या दोन्ही टोकांना जॅक लावायच्या जागा आहेत, म्हणून टोकं सगळ्यात आधी सडतात. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) मागे येऊन याच क्रॉसमेंबरला अडकवलेले असतात. म्हणजे इथला गंज नुसत्या पत्र्याचा राहत नाही, पुढची चाकं ज्याच्या जोरावर उभी आहेत तो आधारच पोकळ होतो. पत्रा टणटण वाजला पाहिजे. भदभद आवाज आला किंवा स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर काम मोठं आहे.

मग सिल, म्हणजे दाराखालची लांब पेटी. मायनरची सिल एका पत्र्याची नसते, बाहेरची पायरी, आतली पट्टी आणि खालून बंद करणारी बॉक्सिंग प्लेट असे तुकडे मिळून ती पेटी होते. वाईट दुरुस्तीत सडलेला भाग न कापता त्यावरच नवा पत्रा चढवतात. बाहेरून सरळ आणि चकचकीत दिसतं, आत जुना गंज पाणी धरून बसलेला असतो. दार उघडून कडेचा जोड बघा. तिथे जाड, ओबडधोबड थर किंवा लांबी (पुट्टी) भरलेली दिसली, चुंबक धरलं नाही, तर ओळखून घ्या. दार अर्धं उघडून खालून हलकेच वर उचला. बिजागरीशी प्ले असला तर बिजागरीची पिन झिजली आहे की दाराचा खांबच खालून सुटलाय हे बघा, दुसरं कारण महागाचं.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंग) दोन्ही टोकांचे हँगर बघा. पुढचं टोक मागच्या सीटच्या खाली येतं, म्हणून सीटची गादी उचलून वरूनही बघता येतं. मागचं टोक डिकीच्या फरशीखाली. पुढे रेडिएटरच्या खाली दोन चासी लेग (पुढे जाणाऱ्या पोकळ पेट्या) जोडणारी टाय प्लेट असते, ती आणि त्या लेगची टोकं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या लेगमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर बसवलेला आहे. तो गळत असेल तर ब्रेक ऑइल रंग खातं आणि उघड्या पत्र्याला गंज लागतो, तिथे बोट फिरवून बघाच.

मडगार्डचं मात्र एवढं मनावर घेऊ नका. चारही बोल्टने लावलेली आहेत, मध्ये रबरी पायपिंग. पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग चिखल धरून सडतोच. बोल्ट दोन दिवस आधी पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवले तर मडगार्ड सुटं करता येतं. नवी मिळतात. मडगार्ड सडलेलं पण खालचा पत्रा दणकट अशी गाडी, चकचकीत मडगार्ड आणि पोकळ क्रॉसमेंबर असलेल्या गाडीपेक्षा शंभर पटीने चांगली.

तुमच्या १९५९ च्या गाडीवरचं ताजं काळं अंडरसील मला सगळ्यात जास्त खटकतंय. ते चांगल्या हेतूनेही मारलेलं असू शकतं, पण खालचं दिसत नाही तोवर ती गाडी सडलेली आहे असंच धरून चाला. मालकाकडे वेल्डिंग करतानाचे फोटो मागा. काम नीट केलेला माणूस फोटो काढून ठेवतोच.

चासी प्लेटही वाचून घ्या. दोन दारांच्या ९४८ सीसी सलूनचा क्रमांक एमए२एस३ ने सुरू झाला पाहिजे, १०९८ सीसी ट्रॅव्हलरचा एमएडब्ल्यू५ ने. उद्या कुणी कन्व्हर्टिबल दाखवली तर एमएटी हवं. एमए२एस किंवा एमएएस असेल तर ती सलूनचं छप्पर कापून केलेली आहे, आणि मूळ कन्व्हर्टिबलला दिलेले मजबुतीचे जादा पत्रे तिच्यात घातलेत का हा वेगळाच शोध लागतो.

टॉर्शनबार

पत्र्याचं सगळं आलं, मी पुढच्या चाकांबद्दल लिहितो. मायनरमध्ये जिवावर बेतेल असा एकच दोष आहे आणि तो निव्वळ ग्रीस न दिल्याने होतो.

पुढचं चाक ज्या उभ्या लेगवर वळतं तिच्या वर आणि खाली आटे आहेत, आणि ती ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी फिरते. आजच्या गाडीसारखा सीलबंद बॉल जॉइंट नाही. खालच्या ट्रनियनवर पाणी, चिखल आणि मीठ सतत उडतं. ग्रीस संपलं की आटे झिजतात, शेवटी लेग ट्रनियनमधून सुटून बाहेर येते आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. बहुतेक वेळा हे कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवताना होतं, पण तसंच होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तपासायचं असं: खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढं उचला. टायरखाली पहार घालून चाक सरळ वर उचलायचा प्रयत्न करा आणि दुसऱ्या माणसाला ट्रनियनकडे बघायला सांगा. लेग आणि ट्रनियनमध्ये वरखाली हालचाल दिसली तर दोन्ही बदलायची. एकच बदलून भागत नाही, जुन्या आट्यांवर नवा भाग लवकर झिजतो. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटसुलट असतात, तेव्हा भाग मागवताना बाजू सांगा.

ग्रीस दर १००० मैलांनी, आणि गाडी कमी चालत असेल तर दर तीन महिन्यांनी. चाक उचलून, म्हणजे भार काढून, वरच्या आणि खालच्या निपलला गन लावायची. आट्यांच्या टोकातून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. निपल ग्रीस घेत नसेल तर तो काढून भोक साफ करा आणि नवा निपल लावा. काहीजण ट्रायम्फ हेराल्ड या दुसऱ्या गाडीचं ऐकून यात गिअर ऑइल भरतात. हेराल्डच्या ट्रनियनला तेल लागतं, मायनरला ग्रीसच. म्हणूनच ट्रॅव्हलरबरोबरच्या त्या वहीला मी नव्या रंगापेक्षा जास्त किंमत देईन. फक्त नोंदींमधलं अंतर मैलांशी जुळतंय का हे बघा.

वरचा आर्म म्हणजे लिव्हर आर्म शॉक ॲब्सॉर्बरचाच हात आहे. त्यातून तेल गळतंय का बघा. बंपरचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलली तर तो गेलेला आहे. टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बरचं किट लावलं तरी हा जुना हात वरचा दुवा म्हणून जागेवर ठेवावाच लागतो.

ब्रेक. चारही चाकांना ड्रम. ९४८ च्या गाड्यांना पुढे ७ इंची, १०९८ ला ८ इंची. जुळवलेले असतील तर चाक लॉक होईपर्यंत धरतात, अडचण वारंवार जोरात दाबल्यावर येते. लांब उतारावर किंवा मोटरवेवर दोनदा लागोपाठ जोरात ब्रेक मारला की ड्रम तापून पकड ढिली पडते. सर्किट एकच आहे, पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून रबरी होज आणि पोलादी पाइप यांच्याकडे दुर्लक्ष नको.

जुळवणी दर ३००० मैलांनी, किंवा पेडल दुसऱ्या दाबाला वर येऊ लागलं की लगेच. पुढच्या प्रत्येक ड्रमला दोन ॲडजस्टर, मागच्याला एक. चाक फिरायचं थांबेपर्यंत घट्ट करायचा, मग एकेक क्लिक मागे घेत चाक मोकळं फिरू द्यायचं. पुढचा दुसरा ॲडजस्टर विसरणारे खूप आहेत, आणि मग ‘मायनरचे ब्रेक वाईटच’ अशी तक्रार सुरू होते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा सिलिंडर जाम झालाय का ते आधी बघा. मागच्या ड्रममध्ये ॲक्सलचं तेल उतरलं असेल तर हबचा कागदी गॅस्केट आणि ओ-रिंग दोन्ही बदला, लायनिंग धुऊन उपयोग नाही.

तुमच्या आठ मैल मोटरवेसाठी मी पुढे डिस्क ब्रेक लावायला सांगेन. मॉरिस मरिनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरवरूनच घेतलेलं असल्याने तिच्या डिस्क बसवायची वाट फार जुनी आहे, आता तयार किटही मिळतात. नुसता सर्वो (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) लावला तर पाय हलका होतो, पण तापलेला ड्रम तापलेलाच राहतो.

टॅपेट

डिस्कबद्दल मी थोडा वेगळा आहे. ७ इंची ड्रमच्या गाडीला आधी ८ इंची पुढचे ड्रम, चांगलं लायनिंग आणि नवे होज लावून चालवून बघा. पन्नास-पंचावन्नच्या वेगाने, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून जाणाऱ्याला एवढं पुरतं. १२७५ सीसीचं मोठं इंजिन टाकणार असाल तर मात्र डिस्क हव्याच.

आता इंजिन. दोन्ही ए-सिरीज या एकाच घराण्यातली. ९४८ ला ३७ बीएचपी, १०९८ ला ४८. कागदावर फरक मोठा दिसतो. ९४८ जास्त मोकळेपणाने फिरतं. १०९८ चा स्ट्रोक लांब, ८३.७२ मिमी, म्हणून चढाला खालच्या गिअरची गरज कमी पडते, पण जास्त आरपीएमला त्याचा आवाज जड होतो. तुमच्या वापरासाठी १०९८ बरं, आणि त्याचं मुख्य कारण ताकद नसून मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर आहे. ९४८ ला ४.५५, म्हणजे ताशी ६० मैलांना साधारण ३९५० आरपीएम. १०९८ ला ४.२२, तिथे ३६५० च्या आसपास. नंतरच्या एमजी मिजेटचं ३.९ चं डिफ बसवलं तर ३४०० वर येतं. कानांना तीनही फरक स्पष्ट कळतात.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, मालकाला आधीच सांगून ठेवा. सुरू झाल्यावर तेलाचा दिवा किती वेळात विझतो ते बघा. या गाडीत तेलाच्या दाबाचा मीटर मुळात नाही, म्हणून जमल्यास एक गेज तात्पुरता लावा. गरम इंजिनाला चालताना ४० ते ६० पौंडांचा दाब हवा, आयडलला १५ च्या खाली नको. उतारावर पाय काढून ठेवा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर द्या. त्या क्षणी निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा. फ्लायव्हीलच्या बाजूने थोडं तेल टपकणं या इंजिनाच्या रचनेतच आहे. मागे रबरी सील नाही, क्रँकवरची उलटी चक्री तेल आत ढकलते. गळती एकदम वाढली तर सील शोधू नका, क्रँककेसचा ब्रीदर तुंबलाय का ते बघा.

गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडायची सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा. ९४८ च्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचा सिंक्रोही लवकर जातो. २० च्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्या, खर्रर झालं की कळेल. आत गिअर ऑइल भरू नका, या गिअरबॉक्सला इंजिनचंच तेल लागतं, आणि भरायचं भोक गाडीच्या आत गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यावरच्या गालिच्याखाली रबरी बुचाआड आहे. इंजिनात २०डब्ल्यू५०, फिल्टर धरून ३.७ लिटर.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दर ३००० मैलांनी, थंड इंजिनावर ०.०१२ इंच. नवाचा नियम लक्षात ठेवा: आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे, जो पूर्ण दबलेला असेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा, येईल त्या आकड्याचा टॅपेट सेट करायचा. पहिला दबलेला तर आठवा, तिसरा दबलेला तर सहावा. इग्निशनच्या पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, प्लगचं ०.०२५.

पेट्रोलची दोन कोडी वेगळी ठेवा. एक शिशाचं. जुन्या हेडच्या एक्झॉस्ट सीट ओतीव लोखंडातच कोरलेल्या आहेत. शिसं नसलं की जोरात, सतत चालवताना व्हॉल्व्ह त्या सीटमध्ये हळूहळू रुततो. त्याची खूण टॅपेटवर मिळते: एक्झॉस्टचं अंतर दर वेळी कमी झालेलं सापडतं. तसं दिसलं की हेड काढून एक्झॉस्टला कडक इन्सर्ट बसवून घ्या. अंतर टिकून असेल तर आधीच हेड उघडायची गरज नाही. दुसरं इथेनॉलचं. २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, तुम्ही कमी इथेनॉलचं सुपर ई५ भरा. इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी तुकडे आर९ दर्जाचे घाला. हिवाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

पेट्रोल येत नसेल आणि पंपाची ‘टिक टिक’ बंद पडली असेल, तर बल्कहेडवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या पत्र्यावरच्या) एसयू इलेक्ट्रिक पंपाचे पॉइंट बहुधा जळालेत. पान्याने हलकेच ठोकल्यावर चालू होतो, पण तेवढ्यावर सोडू नका.

आणि ही गाडी काम करायला इतकी सोपी का, तर ॲलेक इसिगोनिसने बोनेट आडव्या, समोरासमोरच्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी आखलं होतं. ते इंजिन आलंच नाही, अरुंद उभं इंजिन बसलं आणि दोन्ही बाजूंना हात घालायला भरपूर जागा उरली. डिस्ट्रिब्युटर, प्लग, डायनॅमो, कार्ब्युरेटर, सगळं उभ्या उभ्या हाताशी. आज अशी गाडी मिळत नाही.

रंधा

ट्रॅव्हलरचं लाकूड शोभेचं नाही. पुढच्या दारांच्या मागचा सगळा भाग ॲश लाकडाच्या सांगाड्यावर उभा आहे, बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे त्यात फक्त बसवलेले आहेत. म्हणून मऊ लाकडावर गाडी एमओटीला नापास होते.

काळे डाग म्हणजे वॉर्निश फुटून आत पाणी शिरलेलं. डाग असूनही लाकूड कडक असू शकतं, आणि उलट, जाड चकचकीत वॉर्निशखाली भुसा झालेला असू शकतो. नखाने किंवा बोथट टोकाने दाबून बघा. नक्की दाबायच्या जागा: मागच्या दारांखालचा आडवा पाट, चाकाच्या कमानीवरचा वळणदार तुकडा, सरकत्या काचांच्या खालची आडवी पट्टी आणि सगळ्या जोडांचे खालचे कोपरे. सरकत्या काचांच्या खोबणीत शेवाळ उगवलेलं दिसलं तर तिथलं पाणी वाहून जायची भोकं बुजली आहेत, आणि खालचं लाकूड बरंच दिवस ओलं आहे.

कडक लाकडावरचे डाग काढायचे तर वॉर्निश पूर्ण खरवडा, ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी ब्रशने लावा, डाग उतरला की भरपूर पाण्याने धुवा आणि आठवडाभर सावलीत सुकू द्या. हातमोजे आणि मास्क घालूनच, सुकलेली पूड घासताना नाकात जाऊ देऊ नका. मग लाकूडरक्षक, जोडांमध्ये जास्त मुरवून. वरून वॉर्निश, पहिला हात पातळ करून, एकूण चार-पाच हात. दर वर्षी उन्हाळ्यात फुटलेल्या जागा शोधून तेवढ्या पुन्हा केल्या तर पूर्ण खरवडणं बरंच लांबतं.

लाकूड बदलायचं तर तयार संच मिळतात. दोन्ही बाजू एकदम सोडू नका. आधी आतून आडवे टेकू द्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन लिहून ठेवा, मग एक बाजू काढा. नाहीतर मागची दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. आणि लाकूड निघालं की त्यामागची चाकाची पोलादी कमान सडलेली सापडणारच असं धरून वेल्डरची वेळ आधी ठरवा.

मैलकुली

एवढ्या तपशिलाबद्दल आभार. दोन गोष्टी राहिल्या. एमओटी माफ, करमाफ, यूलेझ (लंडनचा प्रदूषण-शुल्क विभाग), मुलांच्या सीट या नियमांत नेमकं काय बघायचं? आणि १९५९ ची घेतलीच तर पॉझिटिव्ह अर्थ बदलावा का?

नेमकेराव

४० वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक वर्गात कर शून्य, पण शून्य असला तरी दर वर्षी टॅक्स भरल्याची नोंद करावीच लागते. लंडनच्या यूलेझमध्येही या वर्गाला माफी आहे. व्ही५सी (नोंदणीपत्र) वर हिस्टॉरिक लिहिलेलं आहे का हे गाडी घेण्याआधी बघा.

एमओटीची माफी गेल्या ३० वर्षांत गाडीत मूलभूत बदल केलेला नसेल तरच. सुरक्षिततेसाठी लावलेल्या डिस्क किंवा चार सिलिंडरचंच १२७५ इंजिन यामुळे ती जात नाही. माफी असली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच. माफी असलेली गाडीही एमओटीला देता येते, कमाल फी ५४.८५ पौंड. दोन्ही मालकांना सांगा की फी मी देतो, एमओटी करून घ्या. नाही म्हणणाऱ्याच्या गाडीवर वेळ घालवू नका. नोंदणी क्रमांक टाकून एमओटीचा जुना इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. माफी मिळण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन तपासण्यांमध्ये ‘कॉरोजन’ (गंज) कुठे कुठे लिहिलंय ते वाचून जा, मग पत्रावेल्डर यांनी सांगितलेल्या जागांपैकी कुठे आधी ठोकायचं ते कळेल.

मुलांचं महत्त्वाचं. १९५९ च्या गाडीत मुळात पट्टे नाहीत. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल न्यायला कायद्याने बंदी आहे, मोठी मुलं फक्त मागच्या सीटवर. १९६७ च्या गाडीला पुढे पट्टे लागतात, मागे नाहीत. तुमचं धाकटं अडीच वर्षांचं आहे, तेव्हा कोणतीही गाडी घ्या, मागे तीन बिंदूंचे पट्टे बसवल्याशिवाय मुलांना नेऊ नका. पट्ट्याचा बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात धरत नाही, मागून जाड प्लेट वेल्ड करावी लागते. ट्रॅव्हलरमध्ये वरचा बिंदू लाकडाला कधीच लावू देऊ नका.

ते बाहेर येणारे हात त्या काळच्या गाडीला कायद्याने चालतात, पण मागच्याला दिसत नाहीत. १९६१ अखेरीस मायनरला चमकणारे दिवे आले. तसे जादा दिवे लावून घ्या, हात जागेवर चालू ठेवले तरी हरकत नाही.

टॅपेट

पॉझिटिव्ह अर्थ स्वतः दोष नाही, पॉइंट आणि डायनॅमोवर गाडी तशीच छान चालते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अल्टरनेटर किंवा फोन चार्जर हवा असेल तरच बदला.

बॅटरी काढा. तिचे दोन खुंट वेगवेगळ्या जाडीचे असतात, म्हणून उलट लावताना केबलचे क्लॅम्पही बदला. कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. मग डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या नव्या पॉझिटिव्हपासून एक वायर त्याच्या छोट्या एफ टर्मिनलला दोन-तीन सेकंद टेकवा, ठिणगी उडेल, घाबरू नका. यामुळे फील्डमधलं उरलेलं चुंबकत्व उलटं होतं. हे विसरलात तर डायनॅमो उलटा चार्ज करतो आणि रेग्युलेटर जळतो. दिवे, हॉर्न, दर्शक हात यांना फरक पडत नाही. पेट्रोल पंप मूळ पॉइंटवाला असेल तर चालतो, पण त्यात नंतर डायोड घातला असेल किंवा तो इलेक्ट्रॉनिक असेल तर आधी बघा, उलट्या जोडणीने तो तत्क्षणी जातो.

पत्रावेल्डर

दोन्हींत निवडायचं तर: ट्रॅव्हलरचे क्रॉसमेंबर आणि हँगर टणक निघाले, मागचा आडवा पाट आणि कमानीवरचं लाकूड कडक असेल, तर तीच घ्या. मोठे ब्रेक, लांब गिअरिंग आणि ती वही, तिन्ही तिच्याच बाजूने आहे. लाकूड मऊ निघालं तर संच आणि वेल्डिंग दोन्हींचा अंदाज घेऊन किंमत त्याप्रमाणे पाडा, किंवा सोडा. १९५९ ची फक्त फोटो आणि ताजी एमओटी दोन्ही मिळाल्या तरच.

टॉर्शनबार

सहमत. एक भर घालतो, कारण ही गाडी घेतल्यावर कधीतरी हे काम येतंच. मास्टर सिलिंडरचे दोन लांब बोल्ट चासी लेगमधून आरपार जातात आणि बाहेर काढताना टॉर्शन बारला अडतात, म्हणून बार सोडवावा लागतो. परत बसवताना बोल्ट उलट दिशेने घाला, म्हणजे पुढच्या वेळी बारला हात लावावा लागणार नाही. ब्रेक ऑइल भरायचं बूच ड्रायव्हरच्या बाजूला गालिच्याखाली फरशीत आहे. ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. बूच उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ब्रशने आणि फडक्याने साफ करा, नाहीतर फरशीवरची वाळू थेट सिलिंडरात पडते आणि नवे सील महिन्याभरात कापले जातात.